तुमचे प्रश्न : गाठीच्या जागीच औषध सोडणारा नॅनोफायबर पॅच

मागच्या अंकात नॅनोफायबर पॅचबद्दल एक छोटी चौकट छापली होती. कॅन्सरची गाठ काढली की त्याच जागेवर केमोचं औषध भरलेल्या अतिशय बारीक धाग्यांचा एक पातळ तुकडा ठेवायचा, औषध तिथल्या तिथे हळूहळू सुटत राहतं आणि उरलेल्या कॅन्सरच्या पेशी मारतं, एवढंच त्यात होतं. त्यावर भरपूर पत्रं आली आणि त्यातली निम्म्याहून जास्त पेशंटच्या घरच्यांची आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. एक आधीच सांगून ठेवतो, मी औषध शरीरात कसं पोचवायचं या विषयात काम करतो, कॅन्सरचा डॉक्टर नाही, त्यामुळे पेशंटचा निर्णय त्याच्या ऑन्कोलॉजिस्टनेच घ्यायचा. हा पॅच काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, तेवढं मी नीट सांगू शकतो.

प्रश्न : सर, माझ्या वडिलांना गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघालाय. बायोप्सी झाली, सर्जन म्हणतात उशीर न करता ऑपरेशन करा, जबड्याचा थोडा भागही काढावा लागेल. बाबा हे ऐकूनच खचलेत, बोलता येईल का, चेहरा कसा दिसेल, हेच विचारत राहतात. मी एक व्हिडिओ पाहिला त्यात तोंडात पॅच चिकटवून गाठ छोटी झालेली दाखवलीय. आम्ही दोन-तीन महिने थांबून हा पॅच मिळवला तर ऑपरेशन टळेल का?

ताई, थांबू नका. हे सगळ्यात आधी लिहितोय कारण बाकीचं उत्तर नाही वाचलंत तरी चालेल पण एवढं वाचाच. तोंडाच्या कॅन्सरमध्ये दोन-तीन महिने म्हणजे फार मोठा काळ असतो, आज जी गाठ पूर्ण काढता येतेय ती तेवढ्या वेळात हाडात किंवा मानेतल्या लिम्फ नोड्समध्ये, म्हणजे लसीका ग्रंथींमध्ये गेली तर पुढची सगळी ट्रीटमेंटच बदलते.

आता व्हिडिओबद्दल. तुम्ही बघितलंय ते बहुधा सिस्प्लॅटिनच्या पॅचचं काम असणार. सिस्प्लॅटिन हे केमोचं जुनं आणि दमदार औषध, पण शिरेतून दिलं की किडनीला आणि कानांना त्रास देतं, म्हणून ते थेट तोंडातल्या गाठीवरच देता येईल का यावर काम झालं. कायटोसॅन नावाच्या पदार्थाच्या पॅचमध्ये सिस्प्लॅटिनचे नॅनोकण भरून ऑपरेशनच्या आधी गाठीवर लावले, त्याची ट्रायल 2022 मध्ये नेचर कम्युनिकेशन्स या शोधपत्रिकेत छापून आली, आणि साधारण 7 दिवसांत गाठीचं आकारमान सरासरी 69 टक्क्यांच्या आसपास कमी झालं. आकडा खरंच उत्साह वाढवणारा आहे, मलाही वाचून बरं वाटलं होतं. पण ती ट्रायल मोजक्या पेशंटवरची होती, तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि मुख्य म्हणजे पॅच ऑपरेशनच्या ऐवजी दिलेला नव्हता, आधी पॅच आणि मग ऑपरेशन असंच होतं. शिवाय तो नॅनोकणांचा पॅच, नॅनोफायबरचा नाही, व्हिडिओत हे सगळं एकत्र कालवून दाखवतात.

गाठ वरून आकसली म्हणजे खालूनही गेली असं नसतं. तोंडाच्या कॅन्सरची स्टेज ठरवताना आता गाठ किती आत शिरलीय हेही मोजतात, 5 मिलिमीटरपर्यंत एक, 5 ते 10 दुसरी, 10 च्या वर तिसरी, असे टप्पे आहेत. पॅचमधून सुटलेलं औषध पेशींच्या गर्दीतून वाट काढत आत जातं आणि जसं खोल जाईल तसं त्याचं प्रमाण झपाट्याने घटतं, काही मिलिमीटरनंतर ते पेशी मारण्याइतकं उरेल याचा भरवसा नसतो. आणि तुम्ही लिहिलंय जबड्याचा भाग काढावा लागेल, म्हणजे आजार हाडाला लागलाय किंवा हाडाच्या अगदी जवळ आहे असा सर्जनचा अंदाज दिसतोय, तिथे वरून चिकटवलेला पॅच काय करणार? मानेतल्या लिम्फ नोड्सचाही प्रश्न राहतोच.

बाबांची भीती मात्र मनावर घ्या, ती खोटी नाही. ऑपरेशनच्या आधीच सर्जनशी वेगळी वेळ घेऊन बसा आणि तोंडाची पुनर्रचना कशी करणार, पायाचं हाड किंवा मांडीची, हाताची त्वचा लावणार का, नंतर गिळण्याची आणि बोलण्याची थेरपी कोण देणार, हे बाबांसमोरच विचारा. प्लास्टिक सर्जन आणि स्पीच थेरपिस्ट दोघांना आधीच भेटता आलं तर उत्तम, पुढे काय होणार हे कळलं की माणूस बराच सावरतो.

प्रश्न : मी एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पीसीएलच्या नॅनोफायबरमध्ये डॉक्सोरुबिसिन घालून रिलीज स्टडी करतेय पण निम्म्याहून जास्त औषध पहिल्याच दिवसात बाहेर येतं आणि मग ग्राफ आडवा. गाइड म्हणतात पॉलिमर वाढव. वाढवला तरी तसंच. आणि सर, जे वाचक या विषयात नवीन आहेत त्यांच्यासाठी हे धागे बनतात कसे तेही सांगाल का, माझ्या आईलाच मला समजावता येत नाही.

आईसाठी आधी सांगतो. पीसीएल हा एक पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकच्या जातीचा पदार्थ, डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध, आणि रिलीज स्टडी म्हणजे धाग्यातून औषध किती वेगाने बाहेर येतं ते मोजणं. पॉलिमर एखाद्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवायचा, त्यातच औषध मिसळायचं, आणि ते घट्टसर द्रावण सिरिंजमध्ये भरायचं. सिरिंजपंप अगदी सावकाश, तासाला मिलिलिटरभर वगैरे, सुईच्या टोकाशी थेंब आणत राहतो. सुईला 10 ते 30 किलोव्होल्टचा विद्युतदाब जोडलेला आणि समोर वीतभर अंतरावर धातूची प्लेट, तिच्यावर फॉइल. व्होल्टेज वाढवत नेलं की टोकाशी लोंबणारा गोल थेंब आधी थरथरतो, मग ताणला जाऊन शंकूसारखा होतो, टेलर कोन म्हणतात त्याला, जी. आय. टेलर यांनी 1964 मध्ये त्याचं गणित मांडलं म्हणून. आणि मग त्या शंकूच्या टोकातून एक धार सुटते, थोडंसं अंतर सरळ जाते आणि पुढे वेड्यासारखी गरगर फिरायला लागते, या फिरण्यातच ती ताणून ताणून बारीक होते, वाटेतच सॉल्व्हंट उडून जातो आणि फॉइलवर पडतो तो कोरडा धागा. डोळ्याला धागा दिसत नाही, फक्त फॉइल हळूहळू पांढरं होत जातं, काही तासांनी ते सोलून काढलं की हातात टिश्यू पेपरसारखा मऊ तुकडा येतो. माणसाचा केस साधारण 50 ते 100 मायक्रॉन जाड असतो आणि यातला एकेक धागा बहुतेक वेळा एका मायक्रॉनच्याही आत. ही पद्धत नवी मुळीच नाही, आंतोन फोर्महाल्स यांचं पेटंट 1934 चं आहे, तेव्हा डोक्यात कापड होतं, औषध नव्हतं.

आता तुझा प्रश्न. पॉलिमर वाढवून फार फरक पडणार नाही कारण अडचण दुसरीकडे आहे असं मला वाटतं. तू डॉक्सोरुबिसिन हायड्रोक्लोराइड वापरत असशील, ते पाण्यात विरघळणारं, आणि पीसीएल पाण्यापासून लांब पळणारा. दोघांचं जमत नाही. धागा वाळताना औषध आत थांबत नाही, पृष्ठभागाकडे सरकतं आणि तिथेच साठतं, मग पाण्यात टाकल्याबरोबर ते धुऊन निघणारच, त्यालाच आपण बर्स्ट रिलीज म्हणतो. धागे इतके बारीक की पृष्ठभाग प्रचंड, औषध जास्त मावतं आणि बाहेर पडायला वाटही मोठी मिळते, म्हणजे ज्या गुणासाठी नॅनोफायबर निवडला तोच इथे आडवा येतो. आत जे उरतं ते पीसीएल फार हळू जिरतो म्हणून अडकून बसतं, त्याला पूर्ण जिरायला दोन वर्षांच्या वरही लागतात, म्हणून तुझा ग्राफ आडवा.

तीन गोष्टी करून बघ. एक म्हणजे कोअॅक्सियल सुई, आतल्या नळीत औषधाचं द्रावण आणि बाहेरच्या नळीत नुसता पॉलिमर, म्हणजे औषध धाग्याच्या गाभ्यात आणि वर कवच, दोन्ही द्रावणांचा प्रवाह जुळवायला वेळ लागतो पण फरक डोळ्याला दिसतो. दुसरं म्हणजे औषधाचं हायड्रोक्लोराइडवालं मीठ रूप सोडून बेस रूप घे, ते तेलकट पॉलिमरशी जास्त जमवून घेतं. तिसरं, पॉलिमरच बदल, पीएलजीए घे, त्यात लॅक्टिक आणि ग्लायकोलिक अॅसिडचं प्रमाण बदलून किती आठवड्यांत जिरायचं ते बरंच हातात ठेवता येतं, 50:50 वाला लवकर जिरतो, लॅक्टिक वाढवलं की रेंगाळतो.

आणि एक तपासून घे, रिलीज स्टडीसाठी बफर, म्हणजे पॅच ज्यात बुडवून ठेवतो ते द्रावण, किती घेतेस? आपण सगळे भरपूर बफर घेतो, म्हणजे औषध साचून अडथळा येत नाही, पद्धत म्हणून ते बरोबरच आहे. पण ऑपरेशननंतरच्या जखमेत एवढं पाणी नसतं, थोडासा स्राव असतो, तिथे तुझा पॅच कितीतरी सावकाश वागेल. थीसिसमध्ये हे लिहून टाक, परीक्षकांनी विचारायच्या आधी. पीएच 7.4 बरोबर 6.5 च्या आसपासही एक सेट लाव, गाठीच्या आजूबाजूला आम्लता थोडी जास्त असते आणि डॉक्सोरुबिसिन तिथे वेगळ्या गतीने सुटतं.

प्रश्न : डोकेदुखीसाठी केलेल्या एमआरआयमध्ये माझ्या मोठ्या भावाला ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा कॅन्सर, निघाला. सर्जन म्हणाले ऑपरेशनमध्ये मेंदूत औषधाच्या चकत्या ठेवण्याचा एक पर्याय असतो, पण आपण तो घ्यायचा का यावर विचार करू. आम्हाला काहीच कळलं नाही. हाच तो पॅच का? घ्यावा का?

दादा, हा तो पॅच नाही पण त्याचा थोरला भाऊ म्हणता येईल, आणि या सगळ्या विषयात पेशंटपर्यंत खरोखर पोचलेलं आणि सगळ्यात जास्त तपासलेलं उदाहरण हेच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या चकत्यांचं नाव ग्लायाडेल. औषध कारमुस्टिन, आणि ते एका पॉलिअनहायड्राइड नावाच्या पॉलिमरमध्ये दाबून बसवलेलं. एमआयटीचे रॉबर्ट लँगर आणि जॉन्स हॉपकिन्सचे न्यूरोसर्जन हेन्री ब्रेम यांच्या कामातून ते उभं राहिलं, अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, 1996 मध्ये परत उलटलेल्या ग्लायोब्लास्टोमासाठी मंजुरी दिली आणि 2003 मध्ये नव्याने निदान झालेल्यांसाठीही. एक चकती साधारण दीड सेंटीमीटर रुंद आणि एक मिलिमीटर जाड, तिच्यात 7.7 मिलिग्रॅम औषध. गाठ काढल्यावर जी पोकळी उरते तिच्या भिंतींना या चकत्या लावतात, जास्तीत जास्त 8. उणे 20 अंशांत साठवाव्या लागतात आणि ऑपरेशनच्या वेळेलाच बाहेर काढतात. पुढचे दोन-तीन आठवडे औषध सुटत राहतं.

मेंदूतच का, याला कारण आहे. ग्लायोब्लास्टोमा शरीरात इतरत्र सहसा पसरत नाही, पण काढलेल्या जागेच्या कडेलाच परत येतो, बहुतेक वेळा मूळ जागेपासून 2 सेंटीमीटरच्या आत. शत्रू कुठे लपलाय ते ठाऊक आहे आणि तिथपर्यंत रक्तातून औषध नेणं अवघड, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्या बहुतेक औषधांना आत येऊ देत नाहीत. जागच्या जागी औषध देण्यासाठी याहून योग्य आजार सापडणं कठीण.

आणि तरीही फायदा किती झाला ते ऐका. परत उलटलेल्या आजारात 222 पेशंटच्या ट्रायलमध्ये, 1995 ला छापलेल्या, मधला जगण्याचा काळ, म्हणजे निम्मे पेशंट ज्याच्यापुढे जगले तो, चकती घेतलेल्यांमध्ये 31 आठवडे आणि नुसती औषध नसलेली चकती घेतलेल्यांमध्ये 23 आठवडे. नव्या निदानात 240 पेशंटच्या ट्रायलमध्ये 13.9 महिने विरुद्ध 11.6 महिने. म्हणजे दोन-सव्वादोन महिने. कुणाला हे कमी वाटेल, कुणासाठी हे दोन महिने खूप असतील, ते मी ठरवणारा कोण. पण आकडे माहीत असावेत. शिवाय या ट्रायल झाल्या तेव्हा रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या देण्याची आजची पद्धत सुरू व्हायची होती, त्यामुळे आजच्या ट्रीटमेंटवर चकतीने आणखी किती भर पडेल हे त्या आकड्यांवरून थेट काढता येत नाही.

त्रासही आहेत. मेंदूला सूज येणं, फिट येणं, जखम नीट न भरणं, मेंदूभोवतीचं पाणी झिरपणं, इन्फेक्शन. गाठ काढताना मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीला मोठं छिद्र पडलं तर चकती आत सरकून पाण्याची वाट अडू शकते, म्हणून सर्जन ऑपरेशन टेबलावरच शेवटचा निर्णय घेतात. आणि अजून एक, जे घरच्यांना सहसा कुणी सांगत नाही, चकती ठेवलेली असेल तर नंतरच्या बऱ्याच नव्या औषधांच्या ट्रायलमध्ये घेत नाहीत, आणि पहिल्या काही एमआरआयमध्ये कडेला जी चमक दिसते ती आजार आहे की औषधाचा परिणाम हे ओळखणं अवघड होतं.

म्हणून सर्जनला हे विचारा: गाठ जवळजवळ पूर्ण निघेल असं वाटतं का, कारण बरीच गाठ मागे उरली तर चकती काही करू शकत नाही, पोकळी पाण्याच्या जागेच्या किती जवळ आहे, आणि पुढे एखाद्या ट्रायलचा विचार आहे का. तुमचे सर्जन "विचार करू" म्हणाले याचा अर्थ ते हेच तोलून बघतायत, माझ्या मते हे चांगलं लक्षण आहे.

नॅनोफायबरवाले मेंदूच्या आजारावर काम करतायत तेही याच कारणासाठी. कडक चकती पोकळीच्या वेड्यावाकड्या भिंतीला नीट टेकत नाही, मऊ जाळी टेकते, आणि दोन-तीन आठवड्यांऐवजी जास्त काळ औषध सोडता येईल अशी आशा. कोचीच्या अमृता संस्थेतल्या संशोधकांनी 2017 मध्ये टेमोझोलोमाइड भरलेल्या नॅनोफायबर इम्प्लांटचं काम छापलं, उंदरांच्या मेंदूत महिनाभर औषध सुटत राहिलं आणि ते जास्त जगले. काम मला खरंच आवडलेलं आहे. पण ते उंदरांमधलं आहे, तुमच्या भावाच्या ऑपरेशनपर्यंत ते पोचणार नाही.

प्रश्न : वेदनेसाठी त्वचेवर लावायचा पॅच आईला दिलाय, कॅन्सरचाच आहे. गाठीच्या वर लावला तर गाठीवरही काम करेल ना?

नाही हो, आणि असं मुळीच करू नका. तो बहुतेक फेंटानिलचा पॅच असणार, तो त्वचेतून औषध रक्तात सोडतो आणि तिथून ते मेंदूपर्यंत जाऊन वेदना कमी होते, गाठीशी त्याचा काही संबंध नाही. डॉक्टरांनी सांगितलंय तिथेच, अखंड, कोरड्या त्वचेवर लावा. कापू नका, त्यावर गरम पिशवी किंवा हीटिंग पॅड ठेवू नका, उष्णतेने औषध एकदम जास्त सुटतं आणि श्वास मंदावू शकतो. वापरलेला पॅचही घडी करून लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा टाका, त्यात बरंच औषध उरलेलं असतं. आई फार गुंगीत वाटल्या, उठवूनही नीट जाग्या होत नसतील तर लगेच डॉक्टरांना फोन.

प्रश्न : बायकोचा ब्रेस्ट कॅन्सर लिव्हर आणि हाडांत गेलाय. केमोने ती फार थकते, उलट्या, केस गेले. प्रत्येक गाठीवर एकेक पॅच ठेवला तर केमो बंद करता येईल का? मी पैसे उभे करेन.

तुमची तळमळ कळते मला. पण इथे पॅच उपयोगाचा नाही, आणि पैशाचा हा प्रश्नच नाही. स्कॅनमध्ये दिसतात त्या गाठी म्हणजे आजाराचा दिसणारा भाग, रक्तातून फिरणाऱ्या आणि अजून न दिसणाऱ्या पेशी सगळीकडे असू शकतात, त्यांच्यापर्यंत पोचायला औषध रक्तातूनच जावं लागतं. जे औषध केस घालवतं ते त्याच कारणाने सगळीकडे पोचतं.

पण केमोचा त्रास सहन करत राहणं हाच एक मार्ग उरलाय असं नाहीये. ऑन्कोलॉजिस्टना सरळ विचारा की गाठीचे हॉर्मोन रिसेप्टर आणि हर2 रिपोर्ट, म्हणजे गाठ कुठल्या औषधांना दाद देईल ते सांगणारे, बघता केमोऐवजी किंवा केमोनंतर गोळ्या, टार्गेटेड औषध देता येतं का, उलटीची औषधं बदलता येतात का, डोस किंवा वेळापत्रक हलवता येतं का. हाडांच्या दुखण्यावर थोडक्या रेडिएशनने बऱ्याच जणांना आराम पडतो, आणि तीही जागच्या जागी दिलेली ट्रीटमेंटच आहे. पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांकडे आत्ताच जा, ती शेवटच्या दिवसांसाठीच असते हा गैरसमज आहे, त्यांचं कामच मुळात थकवा, वेदना, उलट्या सांभाळणं.

प्रश्न : पॅच आत ठेवल्यावर परत काढायला ऑपरेशन लागतं का? आणि ते प्लास्टिक शरीरात राहून नवीन कॅन्सर होणार नाही का?

बहुतेक पॅच जिरणाऱ्या पॉलिमरचेच बनवतात, काढावे लागू नयेत म्हणूनच. पीएलजीए पाण्याने हळूहळू तुटतो आणि त्यातून लॅक्टिक व ग्लायकोलिक अॅसिड निघतं, शरीर ते मार्गी लावतं. जिरणारे टाके वर्षानुवर्षं याच जातीच्या पॉलिमरचे घातले जातात, त्यामुळे पॉलिमरची काळजी मला सगळ्यात कमी वाटते. खरी काळजी दोन ठिकाणी. धागे बनवताना वापरलेले क्लोरोफॉर्म, डीएमएफसारखे सॉल्व्हंट पूर्ण उडाले की नाही, हे मोजावं लागतं, नुसता कोरडा दिसला म्हणून चालत नाही. आणि जखम. जे औषध कॅन्सरच्या पेशींना वाढू देत नाही तेच जखम भरणाऱ्या पेशींनाही वाढू देत नाही, म्हणून टाके घातलेल्या कडेजवळ जास्त औषधाचा पॅच बसला तर टाके उसवणं, जखम चिघळणं होऊ शकतं, आतड्याच्या जोडावर तर हा धोका फार मोठा. म्हणून काही जण एका बाजूने औषध सोडणारे आणि दुसऱ्या बाजूने बंद असे दुहेरी पॅच बनवतायत, गाठीच्या कडेला तोंड आणि निरोगी भागाकडे पाठ. मला ही दिशा सगळ्यात शहाणी वाटते.

प्रश्न : ऑनलाइन एक "नॅनो करक्युमिन कॅन्सर पॅच" मिळतोय, त्वचेवर लावायचा, साइड इफेक्ट नाही म्हणतात. घ्यावा का?

घेऊ नका. करक्युमिनचे, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या घटकाचे, नॅनोफायबर प्रयोगशाळांत खूप बनतात, मीही बनवलेत, डिशमधल्या कॅन्सर पेशींवर ते चांगलं कामही करतात. पण करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, शरीरात लवकर तुटतं, आणि दंडावर लावलेल्या पॅचमधून ते पोटातल्या किंवा फुप्फुसातल्या गाठीपर्यंत मारक प्रमाणात पोचेल याला काहीही आधार नाही. कुठल्या कॅन्सरसाठी हेही जो सांगत नाही आणि ऑर्डर मात्र घेतो, त्याच्यापासून लांब राहा. खरी ट्रायल असेल तर ती सरकारी ट्रायल रजिस्ट्रीत नोंदलेली असते, एथिक्स कमिटीची मंजुरी असते, सही करण्याआधी धोके लिहून समजावून देतात, आणि तपासल्या जाणाऱ्या औषधाचे पैसे तुमच्याकडून घेत नाहीत.

प्रश्न : मग सर, इतकी वर्षं पेपर येतायत, हे पेशंटच्या हातात कधी?

तारीख मी सांगणार नाही, कुठे अडलंय ते सांगतो.

पहिली अडचण कारखान्यातली. एका सुईतून तासाला मिलिलिटरभर द्रावण जातं, त्यातून उंदरासाठी पॅच होतो, हजारो पेशंटसाठी नाही. खूप सुया किंवा बिनसुईची यंत्रं आहेत, पण खोलीतली आर्द्रता बदलली तरी धाग्याची जाडी बदलते, आणि जाडी बदलली की औषध सुटण्याचा वेग बदलतो. पॅचच्या या कोपऱ्यात आणि त्या कोपऱ्यात सारखंच औषध हवं, ते दर बॅचला सिद्ध करून दाखवावं लागतं. निर्जंतुक करणं दुसरी. पीसीएल 60 अंशांच्या आसपास वितळतो, म्हणजे ऑटोक्लेव्हची गरम वाफ बाद, गॅमा किरणांनी पॉलिमरच्या साखळ्या तुटतात, इथिलीन ऑक्साइड वापरला तर त्याचा उरलेला अंश काढत बसा.

तिसरी अडचण शरीरातली, आणि ती सगळ्यात अवघड. ऑन्कोजेल नावाचं पॅक्लिटॅक्सेलचं जेल होतं, अन्ननलिकेच्या गाठीत टोचलं की तिथेच राहून सहा आठवडे औषध सोडायचं. कल्पना स्वच्छ, औषध नावाजलेलं. मोठ्या तुलनात्मक ट्रायलमध्ये नेहमीच्या केमो-रेडिएशनला त्याची जोड देऊनही जास्तीचा फायदा दिसला नाही. औषध जागेवर ठेवलं म्हणजे ते सगळ्या गाठीत पोचलं असं होत नाही, गाठीच्या आतला दाबच त्याला बाहेर ढकलतो.

जिथे जमलंय तिकडेही बघा. मूत्राशयात ठेवायचं जेमसायटाबिनचं एक छोटं साधन आहे, टार-200 या नावाने तपासलं गेलं, कॅथेटरमधून आत सोडतात आणि ते तीन आठवडे औषध सोडत राहतं. बीसीजीला, म्हणजे मूत्राशयात सोडायच्या नेहमीच्या औषधाला, दाद न देणाऱ्या वरवरच्या कॅन्सरमध्ये 82 टक्के पेशंटमध्ये आजार पूर्ण दिसेनासा झाला आणि 2025 मध्ये एफडीएने त्याला मंजुरी दिली. तिथे का जमलं? मूत्राशय म्हणजे बंद पिशवी, आजार आतल्या अस्तराच्या वरच्या थरात, आणि औषधाला खोल जायची गरजच नाही. नॅनोफायबरमध्येही माणसांवर सगळ्यात पुढे गेलेलं एक उदाहरण तोंडातलंच, शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांच्या कामातून आलेला क्लोबेटासोल या स्टिरॉइडचा चिकटणारा पॅच, ओरल लायकेन प्लॅनस या तोंडातल्या सुजेच्या आजाराच्या जखमांसाठी, कॅन्सरसाठी नव्हे, त्याची दुसऱ्या टप्प्याची ट्रायल 2022 मध्ये छापली गेली. लाळेत, जिभेच्या हालचालीतही तो टिकतो हे त्यातून कळलं, आणि तोंडात वरवरच्या, अजून आत न शिरलेल्या बदलांवर केमोचा नॅनोफायबर पॅच येणार असेल तर वाट इथूनच जाते असं मला वाटतं. पहिला उपयोग होईल तो अशा पातळ, डोळ्याला दिसणाऱ्या, हात पोचेल अशा आजारात, आणि ऑपरेशननंतर मार्जिनजवळ, म्हणजे कापलेल्या कडेजवळ, पेशी उरल्याची शंका आहे तिथे. पोटातल्या खोल गाठींचा नंबर बराच नंतर.

एम.फार्म.वाल्या मुलीने रिलीजचा नवा डेटा आला की पाठवावा, कोअॅक्सियलचे प्रवाह जुळत नसतील तर दोन्ही द्रावणांची व्हिस्कॉसिटी आणि सॉल्व्हंटची नावं सोबत लिहावीत.